प्रेक्षक घटले तरी भाव वाढला : टीव्हीवरची कुस्ती चढली कशी आणि उतरली कशी?

५ फेब्रुवारी १९८८, शुक्रवारची रात्र. अमेरिकेत एनबीसी या चॅनेलवर हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची कुस्ती लागली होती आणि ती बघायला ३ कोटी ३० लाख लोक टीव्हीसमोर बसले होते. अमेरिकेत टीव्हीवरच्या कुस्तीला एवढा प्रेक्षक त्याआधी कधी मिळाला नव्हता आणि त्यानंतरही मिळालेला नाही.

आता २०२० चा उन्हाळा बघा. त्याच कंपनीचा 'रॉ' हा दर सोमवारचा कार्यक्रम. कोरोनामुळे समोर प्रेक्षक नाहीत आणि घरी बघणारेही आटलेले. काही भाग तर जेमतेम १६ लाख लोकांनी बघितले. एक सगळ्यांना फुकट दिसणारं मोठं चॅनेल आणि दुसरं केबलवरचं, त्यामुळे ही तुलना अगदी तंतोतंत नाही. पण उतार किती मोठा होता, ते कळायला हे आकडे पुरेसे आहेत.

खरा धक्का पुढे आहे. जानेवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने याच 'रॉ'साठी दहा वर्षांचा करार जाहीर केला. रक्कम होती ५ अब्ज डॉलरपेक्षा जास्त, म्हणजे आपल्याकडचे चाळीस हजार कोटींहून अधिक रुपये.

बघणारे कमी झाले आणि भाव मात्र वाढला. हे गणित समजून घ्यायचं तर टीव्ही आणि कुस्ती यांचं पंच्याहत्तर वर्षांचं नातं सुरुवातीपासून बघावं लागतं.

आधी एक गोष्ट : ही कुस्ती खरी की खोटी?

निकाल आधी ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे 'नुरा कुस्ती' म्हणतात. दोन नेते वरवर भांडून आतून एक असले की राजकारणाच्या बातम्यांतही हा शब्द येतो. अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती ही उघडउघड नुरा कुस्तीच आहे. कोण जिंकणार, हे आधी ठरलेलं असतं. पण ती सुरुवातीपासून पूर्णपणे अशी नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत गावोगावच्या जत्रांमध्ये पहिलवान फिरायचे. "याच्यासमोर टिकून दाखवा आणि पैसे घेऊन जा" अशी आव्हानं दिली जायची. ठरवाठरवी तेव्हाही चालायची, पण खऱ्या लढतीही व्हायच्या. १९११ मध्ये शिकागोत फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकेनश्मिट यांची लढत बघायला सुमारे ३० हजार लोक आले होते.

अडचण एकच होती. खरी कुस्ती बघायला नेहमीच मजा येते असं नाही. १९१६ मध्ये ओमाहा शहरात एड 'स्ट्रँगलर' लुईस आणि जो स्टेकर जवळपास पाच तास एकमेकांना धरून बसले आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सुटली. तिकीट काढून आलेल्या माणसाने पाच तास बघायचं तरी काय?

१९२० च्या दशकात याच लुईसने आपला मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स मॉन्ट यांच्याबरोबर धंद्याचं रूप बदललं. वेळेची मर्यादा आली, उचलून आपटणं आलं, दोरांवरून उड्या आल्या आणि निकाल आधी ठरू लागले. कुस्तीचा 'शो' झाला.

हे गुपित बाहेर फुटू न देण्याच्या रिवाजाला या धंद्यात 'केफेब' म्हणतात. रिंगमधले दुश्मन बाहेरही एकत्र चहा पिताना दिसायचे नाहीत, इतका हा रिवाज कडक होता. टीव्हीच्या गोष्टीत हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

पहिली लाट : टीव्ही नवा होता आणि दाखवायला काही नव्हतं

१९४८ च्या आसपास अमेरिकेत शंभरातल्या एखाददुसऱ्या घरात टीव्ही होता. कॅमेरे अवजड होते, त्यांना झगझगीत उजेड लागायचा आणि घरातला पडदा अगदी लहान होता. बेसबॉलचं एवढं मोठं मैदान त्या पडद्यावर दाखवलं तर चेंडू शोधत बसावं लागायचं.

कुस्तीची रिंग मात्र साधारण अठरा-वीस फुटांची. वर दिवे, समोर एक-दोन कॅमेरे आणि आत दोन धिप्पाड माणसं, एवढ्यावर भागायचं. सेट लागायचा नाही, लेखक लागायचा नाही, कार्यक्रम तासन्‌तास चालायचा आणि कुस्त्या भरवणारे तो स्वस्तात देऊन टाकायचे. नव्या चॅनेलांना याहून सोयीचं काय मिळणार? ड्यूमाँट नावाच्या नेटवर्कने शिकागोच्या मॅरिगोल्ड सभागृहातल्या कुस्त्या १९४९ पासून दर शनिवारी देशभर दाखवल्या.

या लाटेतला सगळ्यात मोठा स्टार होता गॉर्जस जॉर्ज. खरं नाव जॉर्ज वॅगनर. सोनेरी रंगवलेले कुरळे केस, अंगावर भरजरी झगा आणि पुढे अत्तर फवारत चालणारा नोकर, असा त्याचा थाट असायचा. रिंगमध्ये शिरायलाच तो इतका वेळ लावायचा की लोक चिडून ओरडायचे, आणि त्याला तेच हवं असायचं. लोक त्याला हरताना बघायला तिकीट काढायचे. पुढे मुहम्मद अलीनेही सांगितलं की 'मीच सगळ्यात भारी' हे ओरडून सांगण्याची कला आपण या माणसाला बघून शिकलो.

हीच हवा जपानमध्येही आली. १९५४ मध्ये रिकिडोझान नावाच्या पहिलवानाने शार्प बंधूंना लोळवलं, तेव्हा घरात टीव्ही नसलेल्या जपानी लोकांनी चौकाचौकात लावलेल्या टीव्हींसमोर तोबा गर्दी केली. महायुद्धात हरलेल्या देशाला आपला माणूस परदेशी पहिलवानांना उचलून आपटताना दिसत होता. निकाल ठरलेला असला तरी बघणाऱ्यांचा आनंद खराच होता.

पहिला उतार : घरी फुकट दिसतंय तर तिकीट कोण काढणार?

पाच-सहा वर्षांतच लोकांचं पोट भरलं. आठवड्यात बऱ्याच रात्री कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर कुस्ती दिसायची. फुकट बघायला मिळतं म्हटल्यावर सभागृहं ओस पडू लागली. एव्हाना निम्म्याहून जास्त घरांत टीव्ही आला होता, चॅनेलांकडे जाहिरातींचा पैसा आला होता आणि त्या पैशातून विनोदी मालिका, नाटकं, मोठे खेळ दाखवता येत होते. १९५५ मध्ये ड्यूमाँटवरची कुस्ती बंद झाली आणि पाठोपाठ ते नेटवर्कही.

मात्र कुस्ती संपली नाही, ती आपापल्या भागात परतली. १९४८ मध्ये प्रमोटरांनी एनडब्ल्यूए नावाची संघटना स्थापून अमेरिकेचे जणू सुभे वाटून घेतले होते. एकाने दुसऱ्याच्या भागात घुसायचं नाही, हा अलिखित नियम होता. प्रत्येकाचा कार्यक्रम आपल्या भागातल्या छोट्या चॅनेलवर लागायचा आणि त्याचं काम जाहिरातीचं असायचं. टीव्हीवर भांडण लावून द्यायचं, पण शेवट दाखवायचा नाही. "निकाल बघायचाय? मग शनिवारी सभागृहात या." पहिल्या उतारातून धंदेवाल्यांनी हा धडा घेतला होता. पुढची पंचवीस वर्षं धंदा यावरच चालला.

दुसरी लाट : केबल आली आणि व्हिन्सने नियम मोडला

१९८२ मध्ये व्हिन्स मॅकमेहनने न्यूयॉर्क भागातला धंदा आपल्या वडिलांकडून आणि त्यांच्या भागीदारांकडून विकत घेतला. ही कंपनी म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ. नेमकं त्याच सुमारास अमेरिकेत केबल टीव्ही पसरत होता. केबलवरचं चॅनेल एकाच वेळी देशभर दिसतं, मग एका भागापुरतं कशाला राहायचं? व्हिन्सने दुसऱ्यांचे पहिलवान जास्त पैसे देऊन ओढले, दुसऱ्यांच्या चॅनेलांवरच्या वेळा विकत घेतल्या आणि सुभ्यांची व्यवस्था मोडून काढली.

त्याला चेहरा मिळाला हल्क होगनचा. २३ जानेवारी १९८४ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होगनने आयर्न शीकला हरवलं. सोनेरी मिशा, फाडलेला बनियन आणि मुलांना "व्हिटॅमिन घ्या, प्रार्थना करा" असा उपदेश. इराणी खलनायकाला हरवणारा अमेरिकन हिरो त्या काळात विकला जाणारच होता.

व्हिन्सचं पुढचं पाऊल जास्त महत्त्वाचं होतं. त्याने कुस्तीला एमटीव्हीवर नेलं. गायिका सिंडी लॉपर कुस्तीच्या कथानकात आली आणि कुस्ती एकदम तरुणांच्या गप्पांत शिरली. ३१ मार्च १९८५ ला पहिली रेसलमेनिया झाली. अभिनेता मिस्टर टी रिंगमध्ये आणि मुहम्मद अली पंचाच्या भूमिकेत! इतर शहरांतल्या लोकांनी ती सभागृहांत मोठ्या पडद्यावर, तिकीट काढून बघितली.

मग आली सुरुवातीला सांगितलेली १९८८ ची रात्र. तिचं कथानक आपल्या डेली सोपला लाजवेल असं होतं. होगनचा खांदा जमिनीला टेकलेला नसताना पंचाने त्याला हरल्याचं जाहीर केलं. आंद्रेने मिळालेला पट्टा तिथल्या तिथे 'मिलियन डॉलर मॅन' टेड डिबियासीला विकून टाकला. नंतर रिंगमध्ये हुबेहूब तसाच दुसरा पंच आला. खऱ्या आयुष्यातले जुळे भाऊ अर्ल आणि डेव्ह हेबनर यांचा हा उपयोग होता.

दुसरा उतार : गुपित फुटलं आणि सुयाही सापडल्या

१९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटला स्वतःहून सांगितलं की आमची कुस्ती ही मनोरंजन आहे, खरी स्पर्धा नाही. कारण निव्वळ पैशाचं होतं. खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर आले, मनोरंजन म्हटलं की त्यातून सुटका. साठ-सत्तर वर्षं जपलेलं केफेब कर वाचवण्यासाठी कागदावर सोडून दिलं गेलं.

प्रेक्षकांना याचा मोठा धक्का बसला नाही, कारण बहुतेकांना अंदाज होताच. धक्का बसला तो स्टेरॉइडचा. १९९१ मध्ये पहिलवानांना स्टेरॉइड पुरवणारे डॉक्टर जॉर्ज झहोरियन दोषी ठरले. होगनने आधी टीव्हीवर सारवासारव केली, पण १९९४ मध्ये कोर्टात शपथेवर स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. त्या खटल्यात व्हिन्स मॅकमेहन निर्दोष सुटला, पण "व्हिटॅमिन घ्या" म्हणणाऱ्या हिरोची जादू गेली. गर्दी आणि रेटिंग दोन्ही खाली आले.

तिसरी लाट : सोमवारचं युद्ध

कुस्तीचा सगळ्यात मोठा काळ मात्र यानंतर आला, तोही भांडणातून.

सीएनएनचे मालक टेड टर्नर यांच्याकडे १९८८ पासून डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी होती. ४ सप्टेंबर १९९५ ला त्यांनी 'नायट्रो' हा कार्यक्रम सोमवारी रात्री, नेमका 'रॉ'च्या समोर उभा केला. पहिल्याच भागात लेक्स लुगर चालत आला. आदल्या रात्रीपर्यंत तो डब्ल्यूडब्ल्यूएफसाठी लढत होता! लोकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

'नायट्रो' थेट प्रक्षेपित व्हायचा, तर 'रॉ'चे बरेच भाग आधी चित्रित केलेले असायचे. त्यामुळे नायट्रोचा प्रमुख एरिक बिशॉफ समोरच्या कार्यक्रमाचे निकाल आपल्या कार्यक्रमात आधीच सांगून टाकायचा. १९९६ च्या जुलैमध्ये त्याने हुकमाचं पान टाकलं. बारा वर्षं हिरो असलेला हल्क होगन खलनायक झाला आणि 'एनडब्ल्यूओ' ही टोळी जन्मली. नायट्रोने सलग ८३ आठवडे रॉला मागे टाकलं.

बुडायच्या बेतात असलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफला वाचवलं ते स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनने. काळी चड्डी, टक्कल, हातात बियर आणि तोंडात शिव्या. त्याचा दुश्मन कोण, तर स्वतः कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमेहन. दिवसभर साहेबाची बोलणी खाऊन घरी आलेल्या माणसाला टीव्हीवर एक कामगार साहेबालाच धोपटताना दिसत होता. १३ एप्रिल १९९८ ला या दोघांची कुस्ती जाहीर झाली आणि जवळपास दोन वर्षांनी रॉने नायट्रोला हरवलं.

मग ४ जानेवारी १९९९ ची रात्र आली. नायट्रोच्या समालोचकाने वरून आलेल्या हुकमानुसार टोमणा मारला की समोरच्या चॅनेलवर आज मिक फोली चॅम्पियन होणार आहे, बघा आता किती गर्दी होते ते. झालं उलटंच. फोली हा मार खाऊन खाऊन वर आलेला, लोकांना आपला वाटणारा पहिलवान. लाखो लोकांनी त्याच क्षणी चॅनेल बदललं. त्या रात्री रॉला ५.७ आणि नायट्रोला ५.० रेटिंग मिळालं. नायट्रो पुन्हा कधीच पुढे गेला नाही.

या काळात दोन्ही कार्यक्रम मिळून दर सोमवारी साधारण एक कोटी लोक कुस्ती बघत होते. १० मे १९९९ च्या रॉला ८.१ रेटिंग मिळालं. त्या रात्री समोर नायट्रो नव्हता, पण तो विक्रम आजही रॉच्या नावावर आहे.

आपल्याकडे काय चाललं होतं?

भारतात कुस्तीचं वेड टीव्हीच्या आधीचं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानासारख्या ठिकाणी मातीतल्या निकाली कुस्तीची परंपरा होतीच. शिवाय १९५० आणि ६० च्या दशकांत मुंबईत दारासिंग आणि किंग काँग यांच्या 'फ्री स्टाईल' कुस्त्या गाजल्या. हा किंग काँग म्हणजे हंगेरीत जन्मलेला एमिल झाया. याच माणसाला जपानच्या रिकिडोझाननेही १९५५ मध्ये हरवलं होतं. पण मुंबईत दूरदर्शन सुरू झालं ते १९७२ मध्ये. त्यामुळे दारासिंगच्या ऐन जोमातल्या कुस्त्या मुंबईकरांनी बघितल्या त्या स्टेडियममध्ये. मग सिनेमाने त्याला देशभर नेलं आणि टीव्हीवर तो घराघरात पोहोचला तो 'रामायण'मधला हनुमान म्हणून.

अमेरिकेतली लाट आपल्याकडे आली ती १९९० च्या दशकात, केबलवाल्याच्या वायरीतून. हल्क होगन, ब्रेट हार्ट, योकोझुना आणि अर्थातच अंडरटेकर. शाळेच्या मधल्या सुट्टीत उंची, वजन आणि रँक लिहिलेले पत्ते खेळले जायचे. "अंडरटेकरला सात जन्म आहेत" ही अफवा व्हॉट्सअॅप नसताना देशभर पोहोचली होती. "कार्यक्रमातल्या उड्या घरी मारू नका" अशा सूचना दिल्या जायच्या आणि गाद्यांवर उड्या मारल्या जायच्याच.

एक मजेशीर गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अक्षय कुमार ज्याला उचलून घेतो, तो खरा अंडरटेकर नव्हता. त्याचं नाव ब्रायन ली. १९९४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने 'नकली अंडरटेकर' असं कथानक केलं होतं, त्यातही हाच नकली अंडरटेकर होता.

पुढे २००६ मध्ये हिमाचलचा दलीपसिंग राणा, म्हणजे द ग्रेट खली, डब्ल्यूडब्ल्यूईत आला आणि २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. भारतात त्याचं केवढं कौतुक झालं! पण तेव्हा अमेरिकेत ओहोटी लागून काही वर्षं झाली होती.

मग पडझड झाली कशाने?

पहिलं कारण म्हणजे युद्ध संपलं. २००१ च्या मार्चमध्ये टर्नरच्या चॅनेलांनी कुस्ती बंद करायचं ठरवलं आणि डब्ल्यूसीडब्ल्यू डब्ल्यूडब्ल्यूएफलाच विकली गेली. नाव आणि हक्कांसाठी मोजलेली रक्कम होती साधारण २५ लाख डॉलर. एकेकाळी ८३ आठवडे आघाडीवर असलेली कंपनी इतक्या स्वस्तात गेली. नायट्रोचा प्रेक्षक रॉकडे वळेल अशी अपेक्षा होती, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी कुस्ती बघणंच सोडलं. २००० मध्ये रॉचं सरासरी रेटिंग सहाच्या जवळ होतं, दोन वर्षांत ते चारवर आलं. समोर कोणी नसलं की चुका महागात पडत नाहीत, आणि मग त्या होतच राहतात.

दुसरं, तारे गेले. द रॉक हॉलिवूडला गेला. ऑस्टिनने मानेच्या आणि गुडघ्यांच्या दुखण्याने २००३ मध्ये लढणं थांबवलं. ज्या मालकाला तो धोपटायचा, त्याच्याशीच २००१ मध्ये हातमिळवणी करायला लावून त्याचं कथानक आधीच बिघडवलं होतं. २००२ मध्ये तर कंपनीचं नावही बदललं. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ संस्थेशी चाललेल्या वादात कोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि 'एफ' जाऊन 'ई' आला.

तिसरं, खरी मारामारी टीव्हीवर आली. जानेवारी २००५ मध्ये स्पाइक टीव्हीवर यूएफसीचा 'द अल्टिमेट फायटर' सुरू झाला, आणि त्याची वेळ होती नेमकी 'रॉ' संपल्यानंतरची! कुस्ती बघायला बसलेल्या तरुणांसमोर त्याच चॅनेलने खरी लढत आणून ठेवली.

चौथं कारण म्हणजे अति झालं. दोन तासांचा रॉ २०१२ पासून तीन तासांचा झाला. त्यात स्मॅकडाउन आणि वर महिन्याला किमान एक मोठी लढत. १९५५ मध्ये जे झालं, तेच पुन्हा झालं. त्यात यूट्यूब आलं. तीन तास बसण्यापेक्षा तीन मिनिटांचा तुकडा बघून झोपणं लोकांना सोयीचं वाटलं.

खोट्या कुस्तीतली खरी दुखापत

या सगळ्या चढउताराची खरी किंमत पहिलवानांनी मोजली. निकाल ठरलेला असला तरी सहा-सात फुटांवरून पाठीवर पडणारं शरीर खरंच असतं.

२३ मे १९९९ ला, म्हणजे रेटिंगच्या विक्रमानंतर दोनच आठवड्यांनी, कॅन्सस सिटीमध्ये ओवेन हार्टला छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरवायचं होतं. तो खाली कोसळला आणि गेला. कार्यक्रम मात्र थांबवला नाही. ज्या रिंगमध्ये तो पडला होता, त्याच रिंगमध्ये पुढच्या कुस्त्या झाल्या. पुढे त्याच्या कुटुंबाने केलेल्या दाव्यात १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली.

२००७ मध्ये क्रिस बेन्वाने पत्नीचा आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव घेऊन आत्महत्या केली. नंतर डॉक्टरांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या मारामुळे झालेली गंभीर हानी दिसली. त्यानंतर खुर्ची थेट डोक्यात घालण्यासारखे प्रकार बंद झाले आणि २००८ पासून कार्यक्रम मुलांना चालेल असा सौम्य केला गेला. ते गरजेचंच होतं, पण ऑस्टिनच्या काळातल्या प्रेक्षकाला तो मिळमिळीत वाटला.

एवढं होऊनही डब्ल्यूडब्ल्यूईचे पहिलवान कागदोपत्री कंपनीचे कर्मचारी नाहीत, 'स्वतंत्र कंत्राटदार' आहेत. १९८६ मध्ये जेसी व्हेंच्युराने सहकाऱ्यांना कामगार संघटना करू या असं सुचवलं होतं. ही गोष्ट मालकाच्या कानावर घातली ती हल्क होगनने, हे पुढे व्हेंच्युराच्या दाव्यात खुद्द मॅकमेहनच्या जबानीतून बाहेर आलं. संघटना काही झाली नाही.

प्रेक्षक घटले, मग भाव का वाढला?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. कुस्तीचा प्रेक्षक घटला हे खरं, पण त्याच काळात अमेरिकेत सगळ्याच टीव्हीचा प्रेक्षक घटला. मालिका लोक सवडीने मोबाइलवर बघू लागले आणि जाहिराती पुढे ढकलू लागले. लागताक्षणी बघायला लोक बसतात अशा गोष्टी थोड्याच उरल्या, त्यात मुख्य म्हणजे खेळ. कुस्ती तर खेळापेक्षाही सोयीची. फुटबॉलचा हंगाम संपतो, पण कुस्तीला सुट्टीच नाही. वर्षाचे ५२ आठवडे ती चालू.

म्हणूनच २०१८ मध्ये फॉक्सने स्मॅकडाउनसाठी पाच वर्षांचे सुमारे १ अब्ज डॉलर द्यायचं ठरवलं. २०१९ मध्ये एईडब्ल्यू ही नवी कंपनी उभी राहिली आणि तिलाही लगेच टीएनटीसारखं चॅनेल मिळालं, तेच चॅनेल ज्यावर कधीकाळी नायट्रो लागायचा. ६ जानेवारी २०२५ पासून रॉ नेटफ्लिक्सवर गेला आणि एप्रिल २०२५ पासून भारतातही डब्ल्यूडब्ल्यूई सोनीवरून नेटफ्लिक्सवर आली. केबलवाल्याला महिन्याचे पैसे दिले की आपोआप दिसणारी कुस्ती आता वेगळी वर्गणी भरून बघावी लागते. फुकटात उरले ते यूट्यूबवरचे तुकडे, आणि त्या चॅनेलचे सबस्क्रायबर १० कोटींच्या वर आहेत.

मागे वळून बघितलं तर प्रत्येक लाट नव्या पडद्याबरोबर आली आहे : आधी टीव्ही, मग केबल, आता स्ट्रीमिंग. प्रत्येक नव्या पडद्याला प्रेक्षक खेचून आणणारं काहीतरी हवं असतं आणि कुस्ती ते काम करते. फरक इतकाच की १९४८ मध्ये टीव्हीने कुस्ती घेतली ती स्वस्त होती म्हणून. आज ती महाग असूनही घ्यावी लागते, कारण ठरलेल्या वेळेला पडद्यासमोर येऊन बसणारा प्रेक्षकच दुर्मीळ झाला आहे.